सालीखालचं विष

बूच हा शब्द मराठी माणसाला दोन ठिकाणी भेटतो. पावसाळा सरता सरता उंच झाडांखाली लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, त्या झाडाला आपण बूच म्हणतो. त्या फुलांची दोऱ्याशिवाय गुंफलेली वेणी आणि त्यांच्या देठांच्या पिपाण्या ज्यांनी केल्या आहेत, त्यांना तो मंद वास अजून आठवत असेल. दुसरं बूच बाटलीच्या तोंडात बसतं. पहिल्याला हे नाव दुसऱ्यामुळे मिळालं. आपल्या बुचाच्या झाडाची साल जाड, भेगाळलेली आणि मऊ असते. खऱ्या कॉर्कला कमअस्सल पण स्वस्त पर्याय म्हणून ती कधीकाळी वापरली जायची.

खरा कॉर्क ज्याच्या अंगावर वाढतो ते झाड आपल्याकडे वाढत नाही. ते आहे कॉर्क ओक, शास्त्रीय नाव क्वेर्कस सुबेर. पोर्तुगाल, स्पेन, सार्डिनिया, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया हे त्याचं माहेर. आपल्या हातात मात्र तो रोज येतो. क्रिकेटच्या चेंडूच्या पोटात कॉर्क असतो, चांगल्या शटलच्या टोपीत कॉर्क असतो. जीवशास्त्रातला ‘सेल’ हा शब्दसुद्धा याच सालीतून निघाला. 1665 मध्ये रॉबर्ट हुक यांनी धारदार चाकूने कॉर्कची पातळ चकती कापली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यांना मधाच्या पोळ्यासारख्या रिकाम्या खोल्या दिसल्या. एका घन इंचात अशा सव्वाशे कोटींहून जास्त खोल्या असतील, असा हिशेब त्यांनी मांडला. त्या खोल्या रिकाम्या होत्या, कारण साल मेलेली होती. हे प्रकरण आहे तिच्या खालच्या जिवंत थराचं, आणि तिथे मुक्कामाला येणाऱ्या बुरशीचं.

आधी साल निघते कशी ते पाहू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

मे ते ऑगस्ट हा सोलणीचा हंगाम. या दिवसांत झाडाची वाढ जोरात असते आणि कॉर्क खालच्या थरापासून सहज सुटतो. दोघे जण एका झाडाला भिडतात. हातातल्या कुऱ्हाडीचं पातं रुंद आणि दांड्याचं टोक पाचरीसारखं तासलेलं. सालीतली सर्वांत खोल भेग हेरून तिच्यावर उभा घाव घालायचा आणि पातं किंचित पिळायचं. सुटत असेल तर पोकळ आवाज येतो. कोरडा, घट्ट आवाज आला तर झाड अजून तयार नाही. मग आडवा छेद. दांड्याचं टोक आत सारून हलकेच उचकटलं की माणसाच्या उंचीची अख्खी फळी ढलपीसारखी सुटून येते. खाली उघडं पडलेलं खोड ओलसर, फिकट गुलाबी-पिवळं असतं. काही दिवसांत ते तांबूस होतं, पुढे गडद तपकिरी. सोलून झालं की खोडावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहितात, त्या सालाचा शेवटचा अंक. 2024 मध्ये सोललेल्या झाडावर 4. तो आकडा बघून कळतं की पुढची पाळी 2033 च्या आधी नाही, कारण पोर्तुगालच्या कायद्याने दोन सोलण्यांमध्ये किमान 9 वर्षं जाऊ द्यावी लागतात.

झाड पंचविशीत आलं की पहिली साल निघते. ती खडबडीत असते. दुसरीही बुचाच्या कामाची नसते. बाटलीचं बूच होईल अशी साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर. आज लावलेल्या रोपाचं चांगलं बूच लावणाऱ्याच्या मुलाच्याच हाती पडायचं. ओकच्या आजाराकडे त्या देशांत इतक्या काळजीने का पाहतात, ते या हिशेबावरून कळावं. पोर्तुगालच्या संसदेने 2011 मध्ये या झाडाला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला. जगातला निम्मा कॉर्क हा एकटा देश पिकवतो.

या कामातली सगळी कला घाव कुठे थांबवायचा यात आहे. कॉर्कच्या खालचा जिवंत थर नवा कॉर्क घडवतो. स्पेनमध्ये त्या थराला ‘आई’ म्हणतात. कुऱ्हाड बोटभर खोल गेली तर आई जखमी होते आणि त्या जागी पुन्हा कधी नीट साल धरत नाही. हात कितीही तयार असला तरी सोललेलं खोड ही एक भली मोठी उघडी जखमच. वारा, ऊन, पहिला पाऊस, किडे सगळ्यांना ती खुली.

त्या जखमेची वाट पाहणाऱ्या बुरशीचं नाव डिप्लोडिया कॉर्टिकोला. मेलेल्या फांद्यांच्या सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसतात, त्यात तिचे बीजाणू भरलेले असतात. पावसाच्या थेंबाबरोबर ते उडतात, आणि कधी कधी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कुऱ्हाडीच्या पात्याला चिकटून जातात. सोलणीनंतर ते उघड्या थरावर पडले की बुरशीला कवच फोडण्याचे कष्टही पडत नाहीत. तिथे साल खचते, भेगा पडतात, त्यातून काळपट रस पाझरतो. खोड आडवं कापलं तर पांढुरक्या लाकडात एक तपकिरी पाचर आत शिरलेली दिसते. नवा कॉर्क त्या पट्ट्यावर धरतच नाही. वर शेंड्याकडून फांद्या वाळत येतात. आपले बागायतदार ज्याला शेंडेमर म्हणतात, तोच प्रकार.

ही बुरशी बरीच वर्षं दुसऱ्याच नावाने वावरत होती. कॉर्क ओकवर सापडली की डिप्लोडिया म्युटिला म्हणून तिची नोंद व्हायची. 2004 मध्ये आर्तुर आल्विश, अॅलन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीजाणूंची मापं आणि डीएनए ताडून दाखवून दिलं की ही जात वेगळी आहे, आणि तिला आजचं नाव दिलं. या तपशिलाला माझ्या लेखी मोठं महत्त्व आहे, कारण वनरोगशास्त्रात नाव चुकलं की उपाय चुकतो आणि जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतात.

आता विष. बुरशी झाडाला दात लावत नाही, नखं लावत नाही. तिच्याकडे दोनच साधनं: पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरं, आणि लहान लहान रेणू, जे तिच्या धाग्यांपासून पुढे झिरपत जातात आणि ती पोचायच्या आधीच पेशींना लोळवतात. या दुसऱ्या साधनाचा मागोवा घेणारी एक परंपरा इटलीत आहे. नेपल्सचे रसायनशास्त्रज्ञ अंतोनियो एविदेंते यांनी सार्डिनियातल्या सासारी विद्यापीठाच्या वनरोगतज्ज्ञांबरोबर ओकच्या बुरशांची विषं एकामागून एक वेगळी काढली. पद्धत ऐकायला सोपी वाटते. आजारी झाडाच्या लाकडाचा तुकडा घ्यायचा, त्यातली बुरशी शुद्ध करायची, साखर आणि क्षार घातलेल्या पाण्यात तिला आठवडेच्या आठवडे वाढू द्यायचं. मग बुरशी गाळून टाकायची. उरलेलं पाणी, ज्यात आता बुरशीचा एक धागाही नाही, ते तपासायचं. त्या पाण्यात कापलेली डहाळी ठेवली आणि ती वाळली, तर मारणारी वस्तू पाण्यात विरघळलेली आहे. पुढचं काम चिकाटीचं. द्रावकाने अर्क काढायचा, सिलिकाच्या नळीतून त्याचे थेंब थेंब भाग वेगळे करायचे, प्रत्येक भाग पुन्हा पानावर टोचून बघायचा आणि शेवटी हातात काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ उरला की त्याच्या अणूंची रचना उलगडायची.

2003 मध्ये या वाटेने डिप्लोपायरोन सापडलं. बुरशी सार्डिनियातल्या कॉर्क ओकवरची होती. तेव्हा तिचं नाव डिप्लोडिया म्युटिला असंच लिहिलं गेलं होतं, म्हणजे वरची नावाची गोष्ट इथेही आडवी येते. 1 मिलिलिटर पाण्यात 1 मिलिग्रॅमचा दहावा भाग एवढ्या तीव्रतेलाही कॉर्क ओकच्या डहाळ्यांतल्या आतल्या पेशी कोलमडल्या. डोळ्यांपुढे आणायचं तर एक लिटर पाण्यात चिमूटभराहूनही कमी मीठ. त्यानंतर यादी वाढत गेली. डिप्लोडिया कॉर्टिकोलाच्या गाळलेल्या पाण्यातून डिप्लोबायफ्युरॅनिलोन नावाची जोडी निघाली. ट्युनिशियातल्या ओकवर सापडलेल्या आणि 2013 मध्ये नाव मिळालेल्या डिप्लोडिया क्वेर्सिव्होरातून डिप्लोपिमारेन निघालं. स्फेरोप्सिडिन हे विष आधी सायप्रसच्या खोडाला व्रण पाडणाऱ्या बुरशीत सापडलं होतं. ओकच्या बुरशीकडेही तेच निघालं. ही सगळी नावं लक्षात ठेवायची गरज नाही. एकच ध्यानात असू द्या: एका बुरशीकडे एकच विष नसतं, वैद्याच्या बटव्यासारखा तिचा बटवा भरलेला असतो.

विष पेशीत काय करतं हे नीट समजलेलं सर्वांत सुंदर उदाहरण ओकचं नाही, बदाम-पीचचं आहे. तरी ते इथे सांगतो, कारण त्याशिवाय ‘विषबाधा’ हा शब्द धूसरच राहतो. फ्युसिकॉक्सिन हे विष इटलीतच 1960 च्या दशकात वेगळं केलं गेलं. पानावरची रंध्रं दारासारखी उघडतात आणि मिटतात. उन्हाचा तडाखा वाढला, मुळांना पाणी कमी पडलं की झाड ती मिटून घेतं. दारं उघडायला पेशीच्या पडद्यावरचा एक पंप चालू व्हावा लागतो आणि मिटायला तो बंद. त्या पंपावर एक प्रथिन येऊन बसलं की पंप चालतो, उठलं की थांबतो. फ्युसिकॉक्सिनचा रेणू बरोबर त्या दोघांच्या खाचेत जाऊन बसतो आणि त्यांना खिळवून टाकतो. पंप थांबत नाही, दारं मिटत नाहीत. भर दुपारी सगळी दारं सताड उघडी, आणि झाडाच्या हातात ती लावून घेणं उरलेलं नाही. पान कोमेजतं ते तहानेने. विषाने फक्त दार अडवून धरलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या विषयात घाईने निष्कर्ष काढायचा मोह फार होतो. चंबूत विष सापडलं म्हणजे झाड त्यानेच मेलं, असं होत नाही. साखरेच्या पाण्यात ऐषारामात वाढलेली बुरशी जे बनवते ते लाकडाच्या अंधारात, उपासमारीत बनवेलच असं नाही. म्हणून वनस्पतिरोगतज्ज्ञ पुरावा कडक मागतात. विष आजारी झाडाच्या ऊतीत सापडलं पाहिजे. शुद्ध विषाने रोगाचीच लक्षणं दिसली पाहिजेत. जास्त विष बनवणारा वाण जास्त घातक ठरला पाहिजे. या कसोटीवर पूर्ण उतरलेली विषं मोजकी आहेत. त्यातलं व्हिक्टोरिन हे ओटच्या पिकावरचं. 1940 च्या दशकात अमेरिकेत व्हिक्टोरिया नावाच्या पूर्वज वाणापासून तांबेऱ्याला दाद न देणारे ओट तयार झाले आणि बघता बघता देशभर पेरले गेले. मग एक नवीच बुरशी आली आणि नेमके तेच वाण तिने आडवे केले. तिचं विष फक्त त्यांनाच बाधत होतं. इतर ओट शेजारी हिरवेगार उभे होते.

डिप्लोडियाची विषं तशी चोखंदळ नाहीत. डिप्लोपायरोनची चाचणी टोमॅटोवर केली, तर टोमॅटोलाही ते बाधलं, आणि टोमॅटोला कॉर्क ओकचा रोग कधी होत नाही. म्हणजे ‘ओकच का?’ या प्रश्नाचं उत्तर विषाच्या रेणूत सापडणार नाही. माझ्या मते ओकच्या बुरशांबद्दल कळलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. विष खरं आहे, घातक आहे. पण ते वापरायची संधी कुठून मिळाली हे बघायला बाटलीतून मान वर काढून झाडाकडे, त्याच्या मातीकडे आणि पावसाकडे पाहावं लागतं.

धडधाकट ओकची फांदी कापून तिच्यातली सूक्ष्मजीवसृष्टी वाढवून पाहिली की यातल्या काही बुरशा तिथेही भेटतात. आत, सालीखाली, एकही डाग न पाडता राहिलेल्या. त्यांना अंतर्वासी बुरशी म्हणतात. बिस्कोग्निऑक्सिया मेडिटेरानिया ही त्यातली प्रसिद्ध. वर्षानुवर्षं ती झाडात पाहुण्यासारखी राहते. मग दोन-तीन वर्षं पाऊस हुलकावणी देतो. झाडाच्या सालीतलं पाणी कमी होतं, पेशींचा ताण उतरतो, बचावाची रसायनं बनवायला लागणारी साखर आटते. पाहुण्याला घर मोकळं सापडतं. साल फाटते आणि आतून कोळशासारखा काळा, कडक पापुद्रा बाहेर येतो. आग लागून गेल्यासारखं खोड दिसतं. पोर्तुगीज शेतकरी याला आतल्या सालीचा कोळसा म्हणतात. या बुरशीनेही बिस्कोपायरान नावाचं विष चंबूत सोडलं आहे. पण ते विष आणि तो दुष्काळ यांचा हिशेब वेगवेगळा मांडताच येत नाही.

झाड स्वतःही यात हात लावतं. अमेरिकेत ओकला मर रोग आणणारी ब्रेट्झिएला फागासिएरम ही बुरशी 1940 च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये ओळखली गेली. ती लाकडातल्या पाण्याच्या नळ्यांत शिरते. झाडाला चाहूल लागली की नळ्यांच्या शेजारच्या पेशी फुग्यासारख्या नळीत फुगून येतात आणि वाट बुजवतात, म्हणजे बुरशी पुढे सरकू नये. लाल ओकच्या गटात हा बंदोबस्त इतक्या उशिरा आणि इतका सरसकट होतो की बुरशी पुढे निसटलेली असते आणि पाणी मात्र अडतं. लक्षणं दिसल्यापासून काही आठवड्यांत भर उन्हाळ्यात अख्खं झाड पानं ढाळून उभं राहतं. पांढऱ्या ओकच्या गटात बंदोबस्त लवकर आणि नेमका होतो, आणि झाड वर्षानुवर्षं तग धरतं. याच घराण्यातली एक बुरशी, सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा, आपल्या सोलापूर-नाशिकच्या डाळिंबाला मर आणते. बहरातलं झाड फळांसकट सुकताना पाहिलेल्या शेतकऱ्याला अमेरिकेतल्या त्या ओकचं चित्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

डिप्लोडियाचंही एक भावंड आपल्या अंगणात आहे. आंब्याच्या देठापाशी तपकिरी डाग पडून अढीत फळ सडतं, ती देठकूज बहुधा लासिओडिप्लोडिया थिओब्रोमे या बुरशीची असते. आंब्याच्या शेंडेमरीतही तीच. तिचं वागणं भूमध्य समुद्राकाठच्या भावंडासारखंच: फळ झाडावर असताना गप्प, ते तोडलं आणि पिकायला लागलं की जागी. तिच्या बाबतीतली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. वनस्पती जखम झाल्यावर, अळीने पान खाल्ल्यावर आतल्या आत धोक्याचा निरोप पोचवतात, त्यात जॅस्मोनिक आम्ल असतं. मोगऱ्या-जाईच्या सुगंधाशी नातं असलेलं हे आम्ल सुट्या रूपात पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते 1971 मध्ये, याच बुरशीच्या वाढद्रवातून. झाडाचा धोक्याचा निरोप बुरशी स्वतः बनवते, आणि आपल्या सोयीने झाडाच्या कानात घालते. तिचं विष आणि झाडाची भाषा यांच्यामधली रेघ तिथे पुसट होते.

विष वेगळं करायला लागलेल्या कष्टांचं दुसरंही फळ मिळालं. स्फेरोप्सिडिन-ए भाताच्या कडा करप्याच्या जिवाणूवर प्रभावी ठरलं. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाच्या पेशींवरही ते पारखलं गेलं. आकुंचन पावलेली पेशी पाणी ओढून पुन्हा मूळ आकाराला येते, ती क्षमता हे विष मोडतं. औषधाला चटकन न बधणाऱ्या पेशींना अशा वेगळ्या वाटेने गाठता येईल का, याचा शोध प्रयोगशाळांत चालू आहे. औषध म्हणून ते दुकानात आलेलं नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

रानातला उपाय मात्र अजून कुऱ्हाडीपाशीच आहे. झाड बदललं की पातं जंतुनाशकात बुडवायचं. पावसाची चिन्हं असतील तर सोलायचं नाही. दुष्काळाने दमलेल्या झाडाची पाळी आली असली तरी एक-दोन वर्षं पुढे ढकलायची. सोललेल्या खोडावर बुरशीनाशक फवारल्याने व्रण कमी होतात, हे कातालोनियातल्या चाचण्यांत दिसलं आहे. त्यातलं भरवशाचं औषध थायोफनेट-मिथाइल होतं. 2020 मध्ये युरोपीय संघाने त्याचा परवाना पुढे चालू ठेवायचं नाकारलं. आता चाचण्या होतात त्यात आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं एक नाव आहे, ट्रायकोडर्मा. हळदीच्या बेण्याला चोळतात, शेणखतात मिसळून डाळिंबाच्या बुंध्याशी घालतात, तीच हिरवी बुरशी ओकच्या लाकडात डिप्लोडियाची वाट अडवते का, हे इटलीतल्या ओकवर टोचून पाहिलं गेलं आहे.

सोलणी करणारे माहीर हात आता म्हातारे होत आहेत आणि नवी मुलं या कामाला कमी येतात. दिवस पहाटे सुरू होतो, ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त झाडं उरकायची असतात. अशा घाईत दोन झाडांच्या मध्ये थांबून, बादलीपाशी जाऊन, पातं बुडवून, पुसून पुन्हा शिडी चढायची. तेवढी दोन मिनिटं प्रत्येक झाडामागे कोणीतरी द्यायला हवीत, आणि मग खोडावर पांढरा आकडा लिहायचा.